पाकिटावरून उतरलेलं तिकीट

चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचं नाव २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याला मिळालं. ३१ मे २०२५ रोजी त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं पूर्ण झाली, तेव्हा भोपाळच्या समारंभात त्यांच्यावरचं टपाल तिकीट आणि तीनशे रुपयांचं नाणं प्रकाशित झालं. १९९६ मध्येही त्यांच्यावर तिकीट निघालं होतं. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांचं तिकीट १९९७ चं. ऑगस्ट २००२ मध्ये पाठोपाठ दोन तिकिटं आली: चिचोंडीचे आचार्य आनंदऋषीजी आणि लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. शिर्डीच्या साईबाबांवर २००८ मध्ये निघालं. एका जिल्ह्याच्या वाट्याला आलेला हा मान थोडाथोडका नाही. पण यातलं एखादं तिकीट लावलेलं पत्र आपल्या घरी आलं होतं, असं सांगणारी माणसं जिल्ह्यात किती भेटतील?

तिकिटं जमवण्याचा छंद का ओसरला, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे मोबाइल. मला ते पटत नाही. मुलं आजही क्रिकेटपटूंची कार्डं जमवतात, खेळण्यातल्या गाड्या जमवतात. जमवण्याची हौस कुठेही गेलेली नाही. गेलं आहे ते पाकिटावरचं तिकीट.

हा छंद घरोघरी पोचला, कारण त्याला पैसे लागत नव्हते. पारनेर-अकोल्याहून मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेल्या माणसाचं पत्र यायचं. मोठी माणसं मजकूर वाचायची, लहानांचा डोळा कोपऱ्यावर असायचा. कागदासकट तिकीट कापून घ्यायचं, ताटलीतल्या पाण्यात सोडायचं. गोंद सुटला की तिकीट आपोआप सरकायचं. ओढायची घाई केली तर कडेचे दाते तुटायचे आणि दाते तुटलेल्या तिकिटाला अदलाबदलीत कुणी विचारायचं नाही. मग ते वर्तमानपत्रावर उपडं वाळवायचं आणि जाड पुस्तकात दाबायचं. त्यावरच्या शिक्क्यात गावाचं नाव आणि तारीख असायची. नकाशात ते गाव शोधण्यात संध्याकाळ जायची. असा भूगोल शाळेत शिकवून येत नाही.

आता काउंटरवर पाकिटाचं वजन होतं, संगणकातून बारकोडची पट्टी निघते आणि तीच चिकटते. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. त्यात भर टपालखात्याच्या जुन्या पद्धतीची. रोजच्या वापराची तिकिटं पुन्हा पुन्हा छापली जातात, पण कुणाच्या स्मरणार्थ काढलेलं तिकीट एकदाच छापतात. ते मुख्यतः फिलॅटेली ब्युरोत विकलं जातं आणि संग्राहकाच्या अल्बममध्ये जाऊन बसतं. छापखान्यातून थेट अल्बमपर्यंतच्या या वाटेत पोस्टमन कुठेच भेटत नाही.

तिकिटाची वाट बदलली, तसं त्याचं रूपही बदललं. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं: फडकणारा तिरंगा आणि 'जय हिंद'. १९४८ च्या गांधीजींच्या तिकिटांवर देवनागरीत आणि उर्दूत 'बापू' लिहिलं होतं, चित्र फक्त चेहऱ्याचं. १९४९ च्या मालिकेत अजिंठ्याचा हत्ती होता, घारापुरीची त्रिमूर्ती होती. १९५२ ची कबीर-मीरा-गालिबांची मालिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये फोटोग्रॅव्हर पद्धतीनं छापली गेली. इंच-दीड इंचाच्या कागदावर शिक्का पडणार आहे, तरीही चित्र ओळखू आलं पाहिजे, हे त्या चित्रकारांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून एकच आकृती, मोजके रंग, ठळक अक्षरं. आज त्याच जागेत छायाचित्र, मागे इमारत, बोधचिन्ह आणि वर्धापनदिनाचा मजकूर अशी दाटी होते. ते भित्तिपत्रक असतं, लहान करून छापलेलं.

नव्या प्रयोगांना मी नावं ठेवणार नाही. २००६ चं चंदनगंधी तिकीट, २०११ चं खादीवर छापलेलं गांधीजींचं तिकीट लहान मुलाच्या हाती दिलं, तर त्याचे डोळे चमकतील. पण ही तिकिटं जपून ठेवण्यासाठीच काढलेली असतात. २०११ पासून 'माय स्टॅम्प'वर पैसे भरून स्वतःचा फोटोही छापून मिळतो. १९५८ मध्ये शंभरीतल्या महर्षी कर्व्यांवर तिकीट निघालं, तेव्हा ती देशानं केलेली निवड होती. ते पाकिटावरून अनोळखी घरांत पोचत होतं, हाच त्या मानाचा अर्थ होता.

२०१७ च्या दीनदयाळ स्पर्श योजनेत सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना तिकीटसंग्रहासाठी वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. योजना चांगली आहे. पण जिथे पत्रच येत नाही, तिथे संग्राहक फक्त गिऱ्हाईक उरतो. डेन्मार्कमध्ये २०२५ च्या अखेरीस सरकारी टपालसेवेनं पत्रवाटप थांबवलं, तेही चारशे वर्षांनी. आपल्याकडे पोस्टमन अजून वाडीवस्तीवर जातो. तोवर वेळ हातात आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अहिल्याबाईंचं तिकीट रोजच्या वापराच्या मालिकेत यावं, कायम छापलं जावं आणि खेड्यातल्या पोस्टातही मिळावं. या जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभेच्या नोटिसा हजारो सभासदांना जातात. सहकाराचा पाया घालणाऱ्या विखे पाटलांचं तिकीट नव्यानं छापून त्या पाकिटांवर लागावं. लग्नपत्रिका टपालानं पाठवणाऱ्यांनी पट्टी नाकारून तिकीट मागावं. शाळांनी मुलांकडून दुसऱ्या तालुक्यातल्या मुलांना पत्रं लिहून घ्यावीत. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही. तिकीट पाकिटावर परत आलं, तर ते जमवणारी मुलं शोधायला शिष्यवृत्ती लागणार नाही.