मधला शनिवार

दिवाळीच्या अंकात ईस्टरविषयी लिहावे, हे कोणाला वावगे वाटेल. परंतु दोन्ही सण दिव्यांचे आहेत आणि दोन्ही चंद्राकडे पाहून ठरतात. आपले लक्ष्मीपूजन अमावास्येचे. ईस्टर हा २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार. म्हणून कधी होळी तर कधी हनुमानजयंती आटोपली, की मागोमाग तो येतो.

येवल्यालाही हा सण परका नाही. हा तालुका कॅथलिकांच्या ज्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो, त्याची स्थापना १९८७ सालची. गोदावरी ओलांडून पलीकडच्या नगर जिल्ह्यात गेले, की श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. तिथे दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. इकडच्या ख्रिस्ती माणसांची घरची बोली मराठीच. त्यांतील पुष्कळांचे पूर्वज एकेकाळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतले होते.

ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले सारे दिवे मालवतात. बाहेर अग्नी पेटवून त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर चालू सनाचे आकडे कोरलेले असतात. ती अंधारात आत आणली जाते आणि तिच्या ज्योतीवरून हातोहात शेकडो मेणबत्त्या उजळतात. एका पणतीवर दुसरी लावणाऱ्या आपल्या घरच्या लेकीसुनांना यातला आनंद वेगळा समजावून सांगायला नको.

गंमत अशी, की कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळीच उरकला जात असे. बाहेर लख्ख ऊन आणि आत मेणबत्तीचा गौरव! पुढे पोप बारावे पायस यांनी १९५१ साली तो रात्री करण्याची मुभा दिली आणि १९५५ साली तसा नियमच केला. दिवा दिव्यासारखा दिसायचा, तर आधी रात्र मान्य करावी लागते, एवढे शहाणपण त्या बदलात होते.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. रात्र मान्य करून आनंद करायचा कसा? ज्या घरात या वर्षी पंगतीतले एक ताट कमी झाले, त्या घराने दिव्यांकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे? ‘सारे ठीक होईल’ असे म्हणणे सोपे असते; पण दुःखी माणसाला ते शब्द टोचतात.

ईस्टरच्या कथेत याचे उत्तर मला रविवारी नव्हे, मधल्या शनिवारी सापडते. शुक्रवारी येशूला क्रुसावर मरण आले, रविवारी तो उठला. शनिवारी काय झाले? शुभवर्तमानांत त्या दिवसाविषयी फार थोडे आहे. स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये जमवली आणि शब्बाथाची विश्रांती पाळली. रविवारी पहाटे त्या कबरीकडे निघाल्या, त्या काही चमत्कार पाहायला नव्हे. मृतदेहाला द्रव्ये लावण्याचे काम राहिले होते, म्हणून. वाटेत त्यांना एकच चिंता होती: कबरीच्या तोंडावरचा धोंडा कोण सरकवील? उत्तर ठाऊक नव्हते, तरी त्या निघाल्या. आशा म्हणतात ती हीच असावी. धोंडा सरकल्यावर निघणे ही आशा नव्हे, ती सोय.

येवल्याच्या मातीला असा एक शनिवार ठाऊक आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. पाच वर्षे गेली, पण दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा केली. ती प्रत्यक्षात आली नागपूरला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. ती वाट बुद्धाकडे गेली, ख्रिस्ताकडे नव्हे, आणि तिला ईस्टरच्या चौकटीत बसवण्याचा माझा हेतू नाही. पण मधली एकवीस वर्षे ते वाट पाहत बसले नव्हते. त्या काळात त्यांनी ग्रंथ लिहिले, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, घटनेचा मसुदा तयार झाला. धोंडा जागच्या जागी असताना केलेली ही कामे आहेत.

आणखी एक गोष्ट. उठलेला ख्रिस्त शिष्यांना भेटला, तेव्हा त्याच्या हातांवरचे घाव तसेच होते. तो आनंद घाव पुसून आलेला नव्हता, घावांसकट आलेला होता. म्हणून शोक करणाऱ्याला त्यात जागा मिळते.

आपल्याकडेही हे जाणणारी एक रीत आहे. ज्या घरात वर्षभरात मृत्यू घडला, तिथे दिवाळीचा फराळ करीत नाहीत. परंतु शेजारीपाजारी आणि सोयरेधायरे आपल्या घरचा डबा तिथे पोचवतात. ‘रडू नका’ असे ते सांगत नाहीत. चार करंज्या आणि थोडा चिवडा ठेवतात, घटकाभर बसतात आणि परततात. त्या घरातल्या माणसाचे दुःख त्या डब्याने कमी होत नाही. पण सण आपल्याला वगळून पुढे गेला नाही, एवढे त्याला कळते.

तुमच्या ओळखीत यंदा असे घर असेल, तर हा अंक मिटवून आधी तो डबा भरावा. तिथे गेल्यावर काय बोलावे हे सुचत नसेल, तरीही निघावे.