भाव ठरवणार कोण?

बेळगावात एखाद्या पोरानं ‘नोकरी सोडून धंदा करू का?’ असं विचारलं की वडीलधारे लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते, बढतीत डावललं गेलं, बाणेदारपणे राजीनामा दिला आणि इथं येऊन कारखाना काढला. गोष्ट खरी आहे, पण सांगताना तिचा क्रम बिघडतो. राजीनाम्याआधीच सायकलींचा धंदा सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या इथं विकत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म 1888 सालचा मानतो तो याच सायकलींमुळे. म्हणजे नोकरी सुटली तेव्हा दुकान होतं, गिऱ्हाईक होतं आणि भाऊ होता.

पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. ज्याला पहिल्या महिन्यापासून घरभाडं धंद्यातूनच काढायचं आहे, त्याचा नांगर दोन वर्षं पडून राहिला तर तो टिकेल का? नंतर ठळकवाडीची वसाहत वाढवण्यासाठी नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली, 10,000 रुपये बिनव्याजी दिले आणि 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावला उरलं ते रस्त्याचं नाव. या सगळ्यात राजीनामा ही मला सर्वांत सोपी गोष्ट वाटते.

आता महामार्गानं वर निपाणीला जाऊ. तंबाखू पिकवणारा शेतकरी कुणाचा नोकर नव्हता. रान त्याचं, घाम त्याचा. पण माल व्यापाऱ्याच्या दारात गेला की प्रत कुठली, भाव काय आणि पैसे कधी, हे तिन्ही प्रश्न समोरच्याच्या हातात. 1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हेच शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, 12 शेतकरी गेले. स्वतःचा मालक असणं आणि स्वतःच्या मालाचा मालक असणं यांतलं अंतर सीमाभागाला असं मोजून कळलेलं आहे.

त्याच गावात घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई बघा. वर साहेब नाही, हजेरी नाही. पान आणि तंबाखू मात्र ठेकेदाराची, दर हजारावर, आणि विड्या मोजून घेताना छाट किती काढायची हेही तोच ठरवणार. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं अशा घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, ते योग्यच झालं. तिला ‘स्वयंरोजगारी’ म्हणणं ठेकेदाराच्या सोयीचं.

म्हणून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला लेथवरचा मुलगा ‘मशीन घेऊ का?’ विचारतो तेव्हा धाडसाबद्दल मी बोलत नाही. जॉबवर्क किती पार्ट्यांचं मिळणार, ते विचारतो. एकाच फाउंड्रीचं काम असेल तर कर्ज याचं, वीजबिल याचं, रिजेक्शन याच्या माथी आणि दर त्यांचा. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असं 2006 चा कायदा सांगतो. पण ज्याला एकच गिऱ्हाईक आहे, तो त्या गिऱ्हाइकावर तक्रार कशी करणार?

इकडं आणखी एक पेच आहे. मराठी शाळेतून आलेल्या पोराला राज्य सरकारच्या नोकरीची वाट कन्नडच्या परीक्षेतून जाते, ती त्याला अवघड पडते. मग व्यासपीठावरून उपदेश येतो, ‘नोकरीच्या मागे लागू नका, उद्योजक व्हा!’ बोलणारे पुष्कळदा पेन्शनवर असतात. कन्नड शिकून घे, असं मात्र सहसा कुणी म्हणत नाही. बिल वसुलीसाठी हुबळीच्या व्यापाऱ्याला फोन करताना तीच भाषा कामाला येते.

त्या मुलाला मी एवढंच सांगतो, की दुसरी पार्टी मिळेपर्यंत पगार सोडू नकोस. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या मशीनवर तासाच्या भाड्यानं काम काढून बघ, दर सुटतो का ते कळेल. आणि घरी बायकोला विचारलंस का? कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून तिचीच सही लागेल.