धाब्याचा कठडा

नवें घर बांधणाऱ्यानें धाब्यास कठडा करावा, नाहींतर वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशी आज्ञा अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत आहे. पाय पडणाऱ्याचा घसरतो, परंतु जाब घरधन्यास द्यावा लागतो.

म्हातारपणीं पडावयास धाबें लागत नाहीं. एली याजक ९८ वर्षांचा, दृष्टि गेलेला. वाईट वर्तमान ऐकतांच तो आसनावरूनच मागें पडला व मान मोडून मेला. आमच्या गांवांत वृद्ध माणसें पडतात तीं उंच उंबऱ्याशीं, न्हाणीच्या शेवाळलेल्या दगडावर, रात्रीं अंधारांत बाहेर जातांना. मग "देवाची इच्छा" म्हणून आपण मोकळे होतों. हें आम्हांस मान्य नाहीं. न्हाणीच्या भिंतीस धरावयास दांडा, पायरीच्या कडेस चुन्याचा पट्टा, वाटेवर रात्रभर दिवा, एवढें कोणासही साधेल. दांडा मात्र पक्का बसवावा; हालणारा दांडा नसलेल्याहून वाईट, कारण म्हातारा त्यावर सगळा भार टाकतो. आणि आईस विचारल्यावांचून तिची खाट हालवूं नये. सवयीची वाट पायांस अंधारांतही ठाऊक असते.

उपदेशकांनीं घरभेटींत प्रार्थनेस बसण्यापूर्वीं न्हाणी पाहावी, आणि दगड बुळबुळीत असल्यास घासावयास काथ्या मागावा.