आधी नोकरी

पुण्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात मी समुपदेशक आहे. स्किझोफ्रेनियातून सावरणारी माणसं आमच्याकडे पाकिटं चिकटवतात, पणत्या रंगवतात. अंथरूण सोडून घराबाहेर पडण्याची सवय त्यातून लागते, हे खरंच. पण बी.कॉम. झालेला एक मुलगा पाकिटं चिकटवतच पस्तिशीला पोचला, तरी ‘अजून त्याची तयारी नाही’ हे घरच्यांचं पालुपद संपेना.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या सुमारास हा क्रमच उलटा केला. आधी बाजारातली, पूर्ण पगाराची नोकरी. शिकायचं ते कामावरच. सोबतीला रोजगार मार्गदर्शक, तोही उपचार करणाऱ्यांच्याच चमूतला. काम करायची इच्छा असली की पुरे. आजाराच्या तीव्रतेवरून कुणाला वगळायचं नाही. सहा युरोपीय शहरांतला एक अभ्यास २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात या वाटेने ५५ टक्के लोक कामाला लागले, आधी प्रशिक्षण देणाऱ्या पद्धतीत २८ टक्के. ‘ताणाने आजार उलटेल’ ही आईवडिलांची भीती मी नेहमी ऐकते. त्या अभ्यासात नोकरीच्या वाटेने गेलेल्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण कमीच होतं.

आमचा तो मुलगा आता औषधांच्या घाऊक दुकानात आलेला माल बिलाशी ताडून पाहतो. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी उशिरापर्यंत उतरत नाही, म्हणून तो अकराला येतो. गल्ल्यापाशी गलका वाढला की कानातले आवाजही वाढतात, म्हणून त्याचं टेबल मागच्या खोलीत. क्लोझापिन चालू असल्याने रक्ततपासणीच्या दिवशी उशीर होतो. आजाराचं मालकांना सांगायचं, इतरांना नाही, हे त्याचं त्यानेच ठरवलं. मध्यंतरी तो येईनासा झाला. मालकांचा फोन आला, “मॅडम, स्टॉक मोजायचाय, त्याला कधी पाठवताय?” मार्गदर्शक घरी गेला, डॉक्टरांनी औषध बदललं, तो परत रुजू झाला. नोकरी लावून देणं त्या मानाने सोपं; अशा आठवड्यांत ती टिकवायला माणूस लागतो.

कायदा आहे. १९९५च्या कायद्याने मानसिक आजार अपंगत्वात धरला, पण नोकरीतलं आरक्षण दिलं नाही. २०१६च्या कायद्याने ते दिलं: सरकारी पदांतला एक टक्का, तोही ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व वगैरेंबरोबर वाटून घ्यायचा. त्यासाठी किमान ४० टक्क्यांचा दाखला हवा. बहिणीचं लग्न अडेल म्हणून अनेक घरं तो काढतच नाहीत. आमच्या मुलामुलींना कामं मिळाली ती दुकानांत, छापखान्यांत, खानावळींत.

मार्गदर्शकाचा पगार मात्र आम्ही देणग्यांतून उभा करतो, दर मार्चमध्ये नव्याने. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका यांची पदं असतात. त्यांच्या शेजारी हे एक पद सरकारने मंजूर करावं, आणि तेही कायमचं.