नकाशा, भूमी आणि विवेक

शक्तीसोबत उत्तरदायित्व येते. अणुशक्ती हे याचे आजच्या युगातील मोठे उदाहरण आहे. भूकंपाची शक्यता असलेल्या भूमीवर अणुऊर्जा प्रकल्प उभारावा का, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. पण मुळाशी तो धर्माचा, म्हणजेच कर्तव्याचा प्रश्न आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूर येथे प्रत्येकी १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या योजलेल्या आहेत. माडबनचे पठार समुद्रापासून पुरेसे उंच आहे, असे समर्थक सांगतात. तेथून शंभरेक किलोमीटरवर कोयना आहे, याची विरोधक आठवण करून देतात. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला मोठा भूकंप झाला. त्यापूर्वी दख्खनची भूमी स्थिर मानली जात होती. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशावर तो भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा काढणाऱ्यांनी फसवले नव्हते. माणसाला जेवढे ठाऊक होते, तेवढेच त्यात उतरले होते.

मग काहीच बांधू नये का? वीज तर सर्वांना हवी. आमच्या छत्तीसगडमधील कोरबा कोळसा जाळून वीज देतो. त्याची राख आणि धूर तेथील लोक सोसतात. पूर्ण निर्धोक मार्ग सहसा नसतो. म्हणून अज्ञातासमोर आपण अहंकाराने उभे राहतो की नम्रतेने, हे महत्त्वाचे ठरते.

जपानने दोन्ही वृत्तींची फळे एकाच दिवशी पाहिली. फुकुशिमाचा प्रकल्प बांधताना उंच कडा कापून जमीन समुद्रापासून सुमारे १० मीटरवर आणली होती. पंधरा मीटरहून उंच लाट येऊ शकते, असे २००८ मध्ये कंपनीच्याच हिशेबात निघाले. तरी भिंत वाढली नाही. भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ असलेल्या ओनागावा येथे यानोसुके हिराई या अभियंत्याने जुन्या त्सुनामींची आठवण ठेवून १४.८ मीटर उंचीचा आग्रह धरला होता. खर्च वाढला. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमात पाणी शिरून अणुभट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली. ओनागावा सुरक्षित राहिला आणि बेघर झालेल्या शेकडो गावकऱ्यांनी त्याच प्रकल्पात आश्रय घेतला. तो दिवस पाहायला हिराई हयात नव्हते. फळ आपल्याला दिसणार नाही हे जाणूनही नेमके काम करणे, यालाच निष्काम कर्म म्हणावे.

कर्म एकाचे आणि भोग दुसऱ्याचा, हा अन्याय आहे. त्यामुळे असा निर्णय घेणाऱ्याने स्वतःला विचारावे: या प्रकल्पाशेजारी मी माझ्या मुलाबाळांसह राहीन का? येथील मच्छीमाराला आणि आंबा बागायतदाराला, मला जे ठाऊक नाही तेही सांगितले का? शंका घेणाऱ्याला मी शत्रू तर मानत नाही ना? ज्याची उत्तरे प्रामाणिकपणे देता येत नाहीत, ते बांधकाम थांबलेलेच बरे.

आणि आपण? बटण दाबताच दिवा लागतो, तेव्हा कुठल्या तरी गावाने आपल्यासाठी जोखीम उचललेली असते. तिचे स्मरण ठेवून वीज संयमाने वापरणे, हा आपल्या वाट्याचा धर्म आहे.