डोंगर खालीं आला, खोरें भरून निघालें

शास्त्रपाठ : यशया ४०:१-५, लूक ३:३-१४



आमच्या पनवेल तालुक्यांत उलव्याचा डोंगर होता. 'होता' असें लिहावें लागतें, कारण सुमारें ९० मीटर उंचीचा तो डोंगर आतां त्या ठिकाणीं नाहीं. विमानतळासाठीं सुरुंग लावून तो फोडण्यांत आला, त्याचा दगड व मुरूम खाडीकांठच्या सखल, दलदलीच्या भूमीवर पसरण्यांत आला, उलवे नदीचा ओघही दुसरीकडे वळविला गेला. आणि पूर्वीं जेथें भरतीचें पाणी शिरे, त्या बाजूस ३,७०० मीटर लांबीची धावपट्टी झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें विमानतळाचें उद्घाटन झालें, आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरास, म्हणजे ऐन नाताळाच्या दिवशीं, उतारूंचीं विमानें तेथून ये-जा करूं लागलीं.

त्या तारखेस कोणी ईश्वरी चिन्ह म्हणेल. आम्ही म्हणत नाहीं. विमानांचें वेळापत्रक अधिकारी ठरवितात. तसेंच मत्तय १७:२० पुढें करून, विश्वासानें डोंगर हलतो तो हा पाहा, असेंही कोणीं व्यासपीठावरून सांगूं नये. हा डोंगर सुरुंगाच्या दारूनें, यंत्रांनीं व मजुरांच्या घामानें हलला. तथापि ज्या प्रभूनें पेरणाऱ्याकडे, जाळें ओढणाऱ्याकडे व पिठांत खमीर घालणाऱ्या बाईकडे पाहून स्वर्गाच्या राज्याचे दाखले दिले, त्याच्या शिष्यांनीं आपल्या ओट्यावरून दिसणाऱ्या एवढ्या मोठ्या गोष्टीकडे पाहूंच नये, हेंही बरें नव्हे.

यशया भविष्यवादी बंदिवासांतील लोकांस सांत्वनाचा निरोप देतो. परमेश्वर येत आहे, त्याच्यासाठीं रानांत वाट नीट करा. खोरीं उंच होतील, डोंगर सखल होतील, असा त्याचा आशय. पूर्वीं राजाची स्वारी यावयाची झाली म्हणजे पुढें माणसें पाठवून रस्ता सारखा करीत, तें चित्र येथें आहे. आतां हा पाठ देवळांत वाचला जातो तेव्हां खोरें भरणें हें एक काम व डोंगर उतरविणें हें दुसरें काम, असें ऐकणाऱ्यास वाटतें. परंतु ज्यानें उलव्यास भराव पडतांना पाहिला, त्यास हें निराळें सांगावयास नको कीं तीं दोन कामें नव्हत, एकच आहे. भराव आकाशांतून पडत नाहीं. डोंगर उतरतो तेव्हांच खोरें चढतें, आणि खोऱ्यांत जी माती पडते ती डोंगराचीच असते.

लूकानें हाच उतारा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या संबंधानें दिला आहे. लोकांनीं योहानास विचारलें, आम्हीं काय करावें? त्यानें त्यांस डोंगर दाखविला नाहीं, अंगरखा दाखविला. ज्याच्याजवळ दोन आहेत त्यानें नाहीं त्यास एक द्यावा, अन्न असेल त्यानेंही तसेंच करावें. जकातदारानें ठरल्यापेक्षां अधिक घेऊं नये. शिपायानें जुलूम करून पैसे काढूं नयेत. भविष्यवाद्याचें एवढें विशाल चित्र, आणि त्याचा अर्थ काय, तर घरांतील खुंटीवरचा दुसरा अंगरखा!

आतां आमच्या तालुक्याकडे वळूं. तरघर, कोंबडभुजें, चिंचपाडा, कोपर, कोल्ही इत्यादि गांवांतील लोकांनीं विमानतळासाठीं आपलीं घरें सोडलीं. त्याच्याही पूर्वीं, नवी मुंबईसाठीं जमिनी घेण्यांत आल्या तेव्हां, योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखालीं शेतकरी उठले, आणि जानेवारी १९८४ मध्यें जासई व दास्तान फाटा येथें गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क शेतकऱ्यास मिळाला तो त्या रक्तावर. ही कथा आमच्या मंडळींतील मुलांस ठाऊक असावी. विमानांत बसणाऱ्यानें खालचें खोरें कोणाच्या मोलानें भरलें हें विसरूं नये. परंतु सरकारनें काय करावें हें सांगण्यास वर्तमानपत्रें पुष्कळ आहेत. येथें आम्हांस घराच्या आंत पाहावयाचें आहे.

जमिनीस भाव आला म्हणजे घरांत एक नवा कागद येतो : हक्कसोडपत्र. भावांनीं आपसांत वांटे ठरविलेले असतात. मग लग्न होऊन गेलेल्या बहिणीस सणाच्या निमित्तानें बोलावितात, गोडधोड करितात, लुगडें घेतात आणि सही मागतात. ती बिचारी माहेर तुटूं नये म्हणून वाचल्याविना सही करिते. हा प्रकार इतर समाजांत चालतो तसा आमच्यांतही चालतो, हें उघड बोललेलें बरें. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र केल्याविना वारला, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानें त्याच्या मुलास व मुलीस सारखाच वांटा आहे. कायदाही राहूं द्या. सलाफहादाच्या पांच मुली मोशेपुढें उभ्या राहिल्या, आपल्या बापाचा वतनभाग मागूं लागल्या, तेव्हां मोशेनें तो वाद परमेश्वरापुढें नेला आणि परमेश्वरानें मुलींचें म्हणणें रास्त ठरविलें (गणना २७). त्यांस कोणीं लुगडें देऊन परत पाठविलें नाहीं.

भाऊ म्हणेल, तिनें आपखुषीनें सोडलें. असेलही. बहिणीस सोडण्याचा अधिकार आहेच, आणि कित्येक बहिणी प्रेमानें सोडतातही. परंतु जें आपलें आहे हें ठाऊक आहे तेंच मनुष्य आपखुषीनें सोडूं शकतो. ज्या भावाला वाटतें कीं आपण उपासनेस नेमानें येतों, वर्गणी देतों, नाताळांत देवळास रोषणाई करितों, म्हणून प्रभूची वाट तयार झाली, त्यानें एकवार बहिणीच्या घरचें छप्पर पाहून यावें. कदाचित् खोरें तेथें असेल, आणि त्यांत घालावयाची माती त्याच्या नांवच्या भूखंडांत पडली असेल.

आम्हां पाळकांसही कांहीं कर्तव्य आहे. अशा कागदावर साक्षीदार म्हणून आम्हांस बोलावितात, कारण पाळकाची सही मानाची समजतात. आमची अशी सूचना आहे कीं, लेखणी हातीं घेण्यापूर्वीं पाळकानें त्या बहिणीस बाजूस नेऊन, भावांच्या देखत नव्हे, विचारावें : बाई, तुमचा वांटा किती व त्याची आज किंमत काय, हें तुम्हांस कोणीं सांगितलें आहे काय? तिनें नाहीं म्हटलें, तर पाळकानें सही न करितां भावांस बोलवावें, जमिनीचीं कागदपत्रें तिच्यापुढें वाचवून घ्यावींत, आणि तिला विचार करण्यास एक महिना तरी मिळेल असें करावें.