कूर्मदासाचे लऊळ आणि ग्रंथालयाची पायरी

अपंग देह लपवण्याचा नाही, कीव करण्याचा नाही, तो माणूस असण्याचाच एक प्रकार आहे, असे दिव्यांग अभिमानाची भूमिका मानते. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा २६ जुलै १९९० रोजी संमत झाला. त्याची आठवण म्हणून जुलै महिना या अभिमानाचा महिना म्हणून पाळला जातो आणि सार्वजनिक ग्रंथालयेही त्यात भाग घेतात. आषाढी वारी बहुधा याच सुमारास येते. पंढरपूरच्या वाटेवरील कुर्डुवाडी जंक्शनजवळ, माढा तालुक्यात, लऊळ हे गाव आहे. तेथे हातपाय नसलेल्या संत कूर्मदासाचे मंदिर आहे. अपंग देह आणि धर्म यांचे नाते काय, हा प्रश्न या भागाच्या लोकस्मृतीत फार पूर्वीपासून मुरलेला आहे.

परंपरेने या प्रश्नाला दिलेले पहिले उत्तर कर्मविपाकाचे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात देहातील वैगुण्ये पूर्वीच्या पापांची फळे म्हणून सांगितली आहेत. नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरे, मुके यांना वारसा नाकारला आहे; त्यांना अन्नवस्त्र मात्र द्यावे, असे म्हटले आहे. महाभारतात अंधत्वामुळे धृतराष्ट्राचा राज्यावरचा हक्क डावलला जातो, तोही याच समजुतीला धरून. पोसायचे पण वाटा द्यायचा नाही, ही रीत पुढे कायद्यातही टिकली. १९२८ च्या हिंदू वारसाविषयक कायद्याने ती बरीचशी मोडली आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने रोग, दोष किंवा व्यंग या कारणांवरून वारसा नाकारण्याची वाट बंद केली. कर्मविपाकाला धर्मविचारातूनच आक्षेपही घेतले गेले. संयुत्त निकायातील शिवक सुत्तात बुद्ध सांगतात की पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशा कारणांनीही दुःख भोगावे लागते, त्यामुळे सारे काही पूर्वकर्मावर टाकणे योग्य नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाविषयी ‘पाप कोणाचे, याचे की आईबापांचे’ असे शिष्य विचारतात. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. आंधळ्या माणसाकडे पाठ फिरवल्याबद्दल कुराणातील ‘अबस’ या सूरेत खुद्द पैगंबरांना समज दिलेली आहे.

दुसरे उत्तर वेदान्ताचे. आत्मा देहाहून वेगळा आहे, म्हणून देहाच्या वाकडेपणाने माणूस उणा ठरत नाही. आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र जनकाच्या सभेत येतो, पंडित हसतात, आणि कातडी पाहून पारख करणाऱ्यांना तो चर्मकार म्हणतो, अशी प्रसिद्ध कथा आहे. एका देहाची अवहेलना दूर करताना ती एका कष्टकरी जातीची अवहेलना करते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. या उत्तराचे दुबळेपण आणखी खोल आहे. देह मिथ्या ठरला की देहाला अडवणारी पायरीही मिथ्या ठरते. समता तत्त्वात मान्य होते, दाराशी मात्र कोणी काही बदलत नाही.

कूर्मदासाची कथा या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. महिपतींनी ती ‘भक्तविजया’त (१७६२) सांगितली आहे. पैठणचा कूर्मदास पोटावर सरपटत पंढरीला निघतो. लऊळला आल्यावर एकादशीपर्यंत पोहोचणे होणार नाही, हे त्याला कळून चुकते. मग तो वारकऱ्यांकरवी विठ्ठलाला निरोप धाडतो. नामदेव-ज्ञानदेवांसह विठ्ठल निघतो, वाटेत अरणला सावता माळ्याला भेटतो आणि लऊळला येतो. गोरोबांच्या कथेत तुटलेले हात कीर्तनात परत येतात, तेथे देह पूर्ववत होणे हीच कृपा आहे. कूर्मदासाच्या कथेचा कळस त्याला हातपाय फुटण्यात नाही, विठ्ठल पंढरपूर सोडून येण्यात आहे. त्याच्या देहात दोष आहे की नाही, याची चर्चाच येथे होत नाही. अंतर उरले होते आणि ज्याला चालता येत होते त्याने ते तोडले.

अपंगत्वाचा आधुनिक विचारही याच जागी येतो. ब्रिटनमधील अपंगांच्या एका संघटनेने १९७६ मध्ये मांडले की शरीरातील कमतरता वेगळी आणि समाजाने उभे केलेले अडथळे वेगळे. माणसाला अपंग करतात ते अडथळे. मात्र कथेत आणि या विचारात एक मोठा फरक आहे. विठ्ठल आला तो कृपेने, एका भक्तासाठी. संस्थेने कृपेवर विसंबून चालत नाही, तेथे हक्क लागतो. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ ने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे किमान निकष बंधनकारक असावेत, असा निर्णय दिला.

ग्रंथालयात या तत्त्वाची कसोटी लागते. एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी दुसरे सूत्र सांगते की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता आणि अनुदान मिळवणारी हजारो ग्रंथालये आहेत. त्यांतली अनेक जुन्या इमारतींत, कधी जिना चढून जावे अशा ठिकाणी आहेत. उतरण, रुंद वाट, बसून वापरता येईल असे देवघेवीचे टेबल, घरपोच पुस्तक, या गोष्टी उघड दिसतात. मराठीतली एक अडचण चटकन दिसत नाही. जुन्या फॉन्टांत टंकलेला किंवा नुसता स्कॅन केलेला मजकूर संगणकावरील वाचक-प्रणालीला वाचता येत नाही, त्यासाठी युनिकोडमधला मजकूर लागतो. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे ब्रेल, श्राव्य किंवा अन्य सुगम रूपांतर करण्याची मुभा दिली आहे. याच विषयावरील मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता (२०१४). कायद्याची अडचण त्यामुळे फारशी उरलेली नाही.

राहतो तो अभिमानाविषयीचा आक्षेप. वारकरी परंपरा निरभिमान शिकवते, मग देहाचा अभिमान कसा बाळगायचा? संतांनी ज्या अभिमानाचा त्याग सांगितला, तो इतरांहून वर असल्याचा अभिमान होता. चोखोबांनी आपली जात आणि तिच्यामुळे वाट्याला आलेली वागणूक अभंगांत उघड मांडली, तो अहंकार नव्हता. लाज वाटावी असे आपल्यात काही नाही, याची ती खूण होती. दिव्यांग अभिमान याच जातीचा आहे. त्यात वेदना नाकारलेली नाही, उपचारही नाकारलेले नाहीत, फक्त खाली मान घालणे नाकारलेले आहे. तो कर्तृत्वावर अवलंबून ठेवणेही चुकीचे. बालपणीच दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांनी (१८८१–१९१५) इतरांकडून ग्रंथ वाचून घेत शंभरावर ग्रंथ रचले आणि त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले गेले. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठीत गाजले. ही पुस्तके जुलैत दर्शनी मांडावीत, पण ग्रंथालयात येण्यासाठी कोणाला गुलाबराव महाराज व्हावे लागू नये. वर्तमानपत्र चाळायला येणाऱ्या साध्या वाचकाचा हक्क तितकाच आहे.

सत्कार आणि भाषणे झाली म्हणजे समावेश झाला, असे नाही. दिव्यांग वाचक ग्रंथालयाचा सभासद, कर्मचारी आणि कार्यकारी मंडळाचा सदस्य होतो, पुस्तकखरेदीत त्याचे मत घेतले जाते, तेव्हा समावेश होतो. कूर्मदासाला देव लऊळपर्यंत येऊन भेटला, असे मानणाऱ्या मुलखातील ग्रंथालयांनी दाराबाहेर थांबलेल्या वाचकापर्यंत स्वतःहून गेले पाहिजे.